‘कुणाची गं तू?’ असे फोनमध्ये कोणी विचारले तर

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. आमची द्राक्षबाग आहे आणि सासऱ्यांच्या फोनवर दिवसभर बेदाण्याच्या दरांचे निरोप येत असतात. संध्याकाळी तोच फोन मुलीच्या हाती असतो. गेल्या आठवड्यात एका खेळातल्या चॅटमध्ये कोणीतरी तिला नाव, गाव आणि शाळा विचारली, आणि तिने अडखळत का होईना, तिन्ही लिहून टाकले. मी फार रागावले. तेव्हापासून मी दिसले की ती फोन पालथा घालते. आपल्याच जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे भोंगा वाजवून फोन बंद करतात, तसे घरी करावे, असे सासरे म्हणतात. फोन बंद करावा की तिला शिकवावे, आणि एवढ्या लहान मुलीला शिकवायचे तरी काय?
— एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : तुमच्या मुलीने जे केले ते आपणच तिला शिकवलेले आहे. बाजारात, लग्नात किंवा एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी ‘कुणाची गं तू?’ असे विचारले, की स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव स्पष्ट सांगावे, हे आपल्याकडे चांगले वळण समजले जाते आणि न सांगणारे मूल घुम्या ठरते. तेव्हा फोनमधून तोच प्रश्न आल्यावर तिने वळणाप्रमाणे उत्तर दिले. शिवाय ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा नेहमीचा उपदेश येथे लागू पडत नाही, कारण चार दिवस आपल्याबरोबर खेळणारा माणूस सात वर्षांच्या मुलाच्या लेखी अनोळखी राहिलेलाच नसतो.

म्हणून तिला फरक सांगायचा तो माणसांमधला नव्हे, प्रसंगातला. ‘आई, बाबा किंवा आजोबा शेजारी उभे असताना कोणी विचारले तर सांगायचे, फोनमधून विचारले तर आधी आम्हाला दाखवायचे,’ एवढा एकच नियम या वयाला पुरतो. मात्र तो पाळला जायचा असेल तर दाखवल्यावर बोलणी बसता कामा नयेत. फोन पालथा घालणे हे मला त्या चॅटपेक्षा अधिक काळजीचे वाटते. ‘मी रागावले ते चुकले, तू पुढच्या वेळी दाखवलेस तर मी रागावणार नाही,’ असे तिला स्वच्छ शब्दांत सांगा आणि तो शब्द पाळा.

नियम मनात मुरण्यासाठी एक खेळ करून पाहा. शाळेच्या पहिल्या दिवशी काढलेला तिचा फोटो समोर ठेवा आणि तिला विचारा, ‘तुला न ओळखणाऱ्या माणसाला यातून काय काय कळेल?’ मुले हे फार बारकाईने करतात. गणवेशावरचा बिल्ला, गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव, मागच्या दुकानाच्या पाटीवरचे गाव असे एकेक ती बोट ठेवून दाखवील. हा खेळ मोठ्यांनाही थोडा अडचणीचा ठरतो, कारण असाच फोटो आपण कौतुकाने स्टेटसला ठेवलेला असतो. व्हॉट्सॲपचे स्टेटस, सेटिंग बदललेली नसेल तर, सामान्यतः फोनमध्ये नंबर जतन असलेल्या आणि आपलाही नंबर जतन केलेल्या सर्वांना दिसते. सासऱ्यांच्या बाबतीत त्यात किती व्यापारी, दलाल आणि वाहनचालक येतात, याचा एकदा अंदाज घ्या. ‘स्टेटस प्रायव्हसी’मध्ये जाऊन ते निवडक नातेवाइकांपुरते मर्यादित करता येते.

भोंग्याविषयी. मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून सायंकाळी 7 वाजता भोंगा होतो आणि दीड तास फोनच नव्हे, टीव्हीही बंद राहतो; ही शिस्त मोठ्यांनाही लागू आहे, म्हणूनच तिला अर्थ आहे. आजोबा स्वतः दर पाहत बसणार आणि नातीचा फोन बंद होणार असेल, तर ती शिस्त चार दिवसही टिकणार नाही. शिवाय भोंगा फोनचा वेळ आवरतो. उरलेल्या वेळात फोनमधून कोण काय विचारते, त्यावर त्याचा इलाज नाही. घरी भोंगा जरूर करा, पण शिकवण्याऐवजी नव्हे.

फोनची तजवीज मोठ्यांनीच करायची असते. त्या खेळाच्या सेटिंग्जमध्ये चॅट बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर खेळ काढून टाका. अँड्रॉइड फोनमध्ये ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. काही फोनमध्ये तिचे नाव थोडे वेगळे आढळते. ती चालू करताना बाहेर पडण्यापूर्वी पिन मागण्याचा पर्यायही निवडा, की मूल त्या एकाच ॲपमध्ये राहते आणि बाहेर पडण्यासाठी फोनचे कुलूप उघडावे लागते, त्यामुळे पैशांचे ॲप आणि सौद्यांचे निरोप तिच्या बोटांपासून दूर राहतात. पुढे तिला वेगळा फोन किंवा टॅब दिलात तर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ वापरून नवे ॲप घेण्यापूर्वी तुमची परवानगी बंधनकारक करता येईल. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमांनुसार खाते उघडण्याचे किमान वय 13 वर्षे आहे. ‘वर्गातल्या सगळ्यांकडे आहे’ या युक्तिवादाला तेवढे उत्तर पुरेसे आहे.

घडलेल्या प्रकारात त्या चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्या खेळाडूची खेळातच तक्रार नोंदवून त्याला ब्लॉक करा. तिने शाळा सांगितली आहे, म्हणून वर्गशिक्षकांच्या कानावर घालणेही योग्य ठरेल. त्या व्यक्तीने फोटो मागितला असेल, भेटायला बोलावले असेल किंवा ‘आईला सांगू नको’ असे म्हटले असेल, तर मात्र थांबू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर बोला. पैसे गेले असतील तर त्यासाठी 1930 हा क्रमांक आहे, आणि तेथे जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता अधिक.

शेजारी बसून रोज पाहणाऱ्या नातीला आजोबांचा यूपीआय पिन बहुधा पाठ झालेला असेल. तो आजच बदला, आणि बदलताना तिला अंगणात पाठवा.