सुपरवायझरचा फॅसिलिटी मॅनेजर होताना

तुमचा प्रश्न वाचला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी इमारतीत टेक्निकल सुपरवायझरची नोकरी, आणि पुढच्या महिन्यापासून फॅसिलिटी मॅनेजर म्हणून, म्हणजे इमारतीची देखभाल, सुरक्षा, साफसफाई सगळं बघणारा म्हणून, अख्खी इमारत तुमच्या हाती. आधी कोर्स करू की काम करता करता शिकू, असं विचारलंय. मी इथे याच कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इफ्मा ही या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था. तिने या कामाची ११ मुख्य कौशल्यं ठरवली आहेत. देखभाल, पैसा, जोखीम, संवाद, प्रकल्प, पर्यावरण वगैरे. यंत्रं तुम्हाला येतातच. पैसा, कागद आणि माणसं यात तुमचा कस लागेल. पण सुरुवात जोखमीपासून करा, कारण तिथल्या हलगर्जीपणात माणसाचा जीव जातो.

पहिल्याच दिवशी आग विझवायच्या पंपांच्या खोलीत, म्हणजे फायर पंपरूममध्ये जा आणि पॅनलवरचा सिलेक्टर स्विच बघा. तो ‘ऑटो’वर हवा. कित्येक इमारतींत तो ‘मॅन्युअल’वर सापडतो. जमिनीखालच्या लाइनला कुठेतरी गळती असते, प्रेशर पडत राहतं, जॉकी पंप (लाइनीतलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो, रात्रपाळीचा ऑपरेटर वैतागतो आणि स्विच फिरवून टाकतो. वहीत मात्र रोज ‘ओके’. अशा इमारतीत आग लागली तर हायड्रंटमधून (आग विझवायच्या नळातून) लाइनीत उरलेलं पाणी येईल आणि मग धार बसेल. ऑपरेटरला ओरडून उपयोग नाही, गळती शोधून दुरुस्त करून घ्या. मग दर आठवड्याला स्वतः उभं राहून टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला लावा. प्रेशर उतरलं की आधी जॉकी, मग मुख्य पंप, आणि मुख्य पंप मुद्दाम बंद ठेवला तर डिझेल पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. डिझेल इंजिन उचललं नाही तर आधी बॅटरी तपासा, बहुतेक वेळा तीच उतरलेली असते.

दुसरी गोष्ट एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांसारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो. म्हणजे ‘आता वास येत नाही’ हे उतरण्याचं कारण नसून पळण्याचं कारण आहे. एक जण कोसळला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करायला कुणाला उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. व्हेंडरचा माणूस ‘पाँच मिनट का काम है साहब’ म्हणेल. नाही म्हणजे नाही. टाकीतला पंप चेनने वर ओढून काढता येईल आणि गाळ सक्शनच्या गाडीने उपसता येईल, अशी सोय आधीच करून ठेवा.

माणसांचं सांगतो. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी एजन्सीची असली तरी एजन्सीने पगार थकवला तर कायद्याने तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून एजन्सीचं बिल पास करण्याआधी हजेरीतली नावं पीएफ आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) चलनाशी ताडून बघायची सवय लावा. नुसतं चलन जोडलंय म्हणून सही करू नका, त्यात तुमच्याच इमारतीतली माणसं आहेत का ते बघा. इथली बरीच माणसं झाबुआ, अलीराजपूर, धारकडची असतात. होळीच्या आधी भगोरियाच्या (आदिवासी जत्रेच्या) दिवसांत ती गावी जाणारच. तेव्हा गैरहजेरीचा दंड लावण्यापेक्षा आधीपासून पाळ्या ठरवा. लगेच रंगपंचमी येते, गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडून येणाऱ्यांना कामावर पोहोचता येत नाही. आपल्याकडच्या मॅनेजरला हे वेळापत्रक पाठ हवं.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर धरतात, त्यातलं जवळपास निम्मं फ्लशिंगला. ६०० माणसं म्हणजे २७,००० लिटर. आपलं नर्मदेचं पाणी थेट नर्मदाकाठच्या जलूदहून उपसून येतं, तिकडे वीज गेली किंवा लाइन फुटली की शहरभर टंचाई. तुमच्या सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) किती दिवसांचं पाणी मावतं आणि फ्लशिंगला एसटीपीचं पाणी खरोखर वापरलं जातं का, हे मे महिन्याच्या आधी समजलं पाहिजे. कचऱ्याबद्दल इंदूरकराला काय सांगायचं! फक्त कँटीनचा ओला कचरा तिथेच वेगळा होतो की मागच्या दाराशी सगळा एकत्र होतो, एवढं स्वतः बघा.

सुपरवायझर आणि मॅनेजर यांच्यातला खरा फरक मला वरिष्ठांशी बोलण्यात दिसतो. एपीएफसी पॅनल म्हणजे पॉवर फॅक्टर (वीज किती कार्यक्षमपणे वापरली जाते ते प्रमाण) आपोआप सुधारणारं पॅनल. ‘एपीएफसी पॅनलचे कपॅसिटर गेलेत’ एवढंच लिहिलंत तर फाइल पडून राहील. त्याऐवजी विजेची मागची सहा बिलं काढा, पॉवर फॅक्टरपायी दर महिन्याला किती पैसे जास्त गेले ते लिहा, शेजारी नव्या कपॅसिटरचं कोटेशन ठेवा आणि खर्च किती महिन्यांत वसूल होईल ते सांगा. मंजुरी लवकर मिळते. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) आणि मोठे पंप सकाळी एकदम सुरू केल्याने मॅक्सिमम डिमांड (एका वेळी ओढली जाणारी सर्वाधिक वीज) वर जात असेल, तर ते टप्प्याटप्प्याने चालू करायला लावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता कोर्स. इफ्माचं एफएमपी हे प्रमाणपत्र चांगलं आहे, पण माझ्या मते आधी वर्षभर इमारत चालवा, मग करा. तेव्हा त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटेल. आयएसओ ४१००१ या फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या मानकाच्या मागे तुम्ही आत्ता लागू नका, ते संस्थेच्या व्यवस्थेसाठी आहे, व्यक्तीच्या प्रमाणपत्रासाठी नाही.

आणि चार्ज घेताना घाई करू नका. जुन्या मॅनेजरबरोबर गच्चीपासून बेसमेंटपर्यंत चालत जा. फायर एनओसी (आगीसंबंधीचा ना-हरकत दाखला), लिफ्ट आणि जनरेटरचे कागद, वायरिंगची ड्रॉइंग्ज, प्रत्येक एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) संपण्याची तारीख, सगळ्या किल्ल्या, हे एकेक करून मागा. जे मिळालं नाही ते ‘मिळालं नाही’ असं त्याच कागदावर लिहा, त्यांची सही घ्या आणि मगच आपली करा.