रोज विचारून विचारून पोरीच्या डोक्यात भरवतील का?

मुलांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात शिरेल, ही भीती आईवडिलांकडून मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कधी ती शाळेने भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून येते, कधी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलेल्या एखाद्या प्रश्नावरून. या खेपेला ती मोबाइलवरून आली. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला इथे सई म्हणते.)

सई बॉस्टनजवळ एमएस करते. वय २३. पहिल्याच सेमिस्टरला तिने विद्यापीठातल्या एका संशोधनात नाव दिलं. आठ आठवडे फोनमध्ये एक ॲप ठेवायचं, दिवसातून पाच वेळा ते वाजलं की मन कसं आहे याच्या चार-सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. बाकी वेळ ॲप आपलं आपण फोनमधून नोंदी गोळा करणार. मोबदला म्हणून गिफ्ट कार्ड. सईने गंमत म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात एक प्रश्न होता: आत्ता या क्षणी मरून जावंसं किती वाटतंय, ० ते १० मध्ये सांगा.

पुण्यात आईने तो रात्री साडेअकराला पाहिला. पुढच्या आठवड्यात ती माझ्यासमोर बसली होती.

"मॅडम, दिवसातून पाचदा विचारतात हो तिला. चांगली हसती-खेळती पोर आहे. विचारून विचारून हे लोक तिच्या डोक्यात भरवतील."

"तुम्ही कधी विचारलंय तिला?"

"असलं? छे! असं अभद्र कुणी विचारतं का?"

आईला मी आधी २००५ सालचा एक अभ्यास सांगितला, कारण या भीतीला सरळ भिडणारा तोच आहे. मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधल्या २,३४२ मुलांचे दोन गट केले. एका गटाला आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना विचारलं. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांच्यात असे विचार वाढलेले आढळले नाहीत. आधीपासून खचलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं तर विचारल्यानंतर थोडी कमी अस्वस्थ होती. फोनवरून दिवसात अनेकदा विचारण्याच्या पद्धतीवरही नंतर काम झालं. वारंवार विचारण्याने विचार वाढतात असं त्यातूनही दिसत नाही. कंटाळा मात्र येतो. एखाद्याला प्रश्न वाचून घटकाभर उदास वाटतं, तेही खरं.

"ती तिकडची मुलं, मॅडम. आपल्याकडचं वेगळं असतं," आई म्हणाली. सई तिकडेच आहे, हे मी बोलले नाही.

पण पाच-पाच वेळा कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे येणाऱ्याला मी 'गेले पंधरा दिवस कसे गेले' असं विचारते तेव्हा तो आज कसं वाटतंय तेच सांगतो. काल सकाळची घालमेल आज दुपारपर्यंत विसरलेली असते. हार्वर्डमध्ये मॅथ्यू नॉक यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की आत्महत्येचे विचार काही तासांत चढतात आणि उतरतात. सकाळी काही नसतं, संध्याकाळी तीव्र असतात. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या माणसाला हे दिसणारच नाही, आणि त्यात मीही आले. त्याच वर्षी ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य, पूर्वीचा प्रयत्न, एकटेपणा अशा नेहमीच्या खुणांवरून भाकीत करणं हे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून संशोधक फोनकडे वळले. फोन चोवीस तास माणसासोबत असतो.

फोन नक्की काय टिपतो, याची आईच्या मनातली यादी लांबलचक होती: मेसेज वाचतात, बोलणं ऐकतात, फोटो बघतात. अशा संशोधनात बहुधा घेतलं जातं ते बरंच रूक्ष असतं. फोन कुठून कुठे गेला, किती हलला, स्क्रीन कधी उघडली, किती फोन झाले आणि किती मिनिटांचे. बोलणं काय झालं ते नाही. हार्वर्डमध्ये युका-पेक्का ओनेला यांच्या गटाने तयार केलेल्या बीवे या प्रणालीत तर ज्यांच्याशी बोललात त्यांचे नंबरही ओळखू येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात साठवतात. डार्टमथ कॉलेजात २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांचे फोन १० आठवडे असेच वाचले गेले. सत्र पुढे सरकलं, कामाचा बोजा वाढला, तसा ताण चढला आणि झोप, गप्पा, हालचाल घटत गेली. परीक्षा जवळ आल्यावर पोरं वाळतात हे सांगायला फोन कशाला हवा, असं कुणी म्हणेल. मीही म्हणाले होते. पण ते मुलाला न विचारता, दिवसागणिक दिसू शकतं, हे नवीन होतं.

यावर आई चटकन म्हणाली, "ते मला इथे बसून कळतं की! रात्री अडीच-अडीचपर्यंत ऑनलाइन असते."

मग पर्समधून एक छोटी वही निघाली. सप्टेंबरपासूनचा सईचा 'लास्ट सीन', रोजच्या रोज. पुण्याच्या वेळेतून साडेनऊ तास वजा करून तिकडची वेळ शेजारी लिहिलेली. काही तारखांखाली लाल रेघ.

ती वही बघून मला हसू आलं नाही. संशोधक जे करतात तेच ही बाई स्वयंपाकघरातून करत होती, फक्त परवानगी न घेता. आणि त्यांच्या हातून होते तीच गफलत तिच्याही हातून झाली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, साडेनऊचा फरक साडेदहा होतो. आईचं गणित साडेनऊवरच राहिलं. त्यामुळे नोव्हेंबरभर वहीतली सई खऱ्या सईपेक्षा एक तास जास्त जागत होती. अडीच म्हणजे खरं तर दीड. दीडला एमएसची कुठली मुलगी झोपलेली असते?

फोनच्या आकड्यांचं असंच असतं. शिकागोतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१५ च्या एका अभ्यासात ४० जणांचे फोन दोन आठवडे पाहिले. ज्यांचं रोजचं जाणं-येणं ठरलेल्या वेळांना होईनासं झालं होतं त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. पण ४० पैकी विश्लेषणाजोगी माहिती निघाली २८ जणांची. कुणाचा फोन बॅटरी वाचवायला ॲप बंद करतो, कुणी फोन होस्टेलवर विसरून जातो. शिवाय चार दिवस घराबाहेर न पडलेली मुलगी खचलेली असेल, तापाने पडलेली असेल, नाहीतर बाहेर दोन फूट बर्फ असेल.

आणि दुर्मीळ गोष्ट हुडकणं मुळातच अवघड. हिशेबापुरतं समजा, हजार विद्यार्थ्यांत खरोखर धोक्यात पाच आहेत. दहातले आठ धोके पकडणारं आणि धोका नसलेल्या दहांपैकी एकाच्या बाबतीत उगाच घंटा वाजवणारं ॲप आपण वापरलं. ते पाचांपैकी चार जणांना पकडेल आणि त्यासोबत शंभरएक धडधाकट मुलांच्या नावानेही घंटा वाजवेल. त्या शंभरांच्या आयांना कोण समजावणार? हे शास्त्र अजून शिकाऊ आहे, असंच मी त्या दिवशी सांगितलं. आईला त्याने बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत सई आली. आईने पाठवलं म्हणून आली, हे तिने बसण्याआधीच सांगून टाकलं.

"आई ज्याला घाबरत होती ना, तसलं काही झालं नाही," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात तर बरं वाटायचं. तिथे कुणी विचारत नाही हो. 'हाउ आर यू' म्हणतात आणि उत्तराच्या आत पुढे निघून जातात. हे ॲप निदान थांबायचं."

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी सहा टाकले."

त्या प्रश्नाला सहा. स्क्रीनवर ९८८ या तिथल्या मदतवाहिनीचा नंबर आला, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा आला. तिने तो बाजूला सारला आणि वाट पाहत बसली. तिला वाटलं होतं, कुणीतरी बघतंय. आता फोन येईल. आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप पुन्हा वाजलं, त्याच प्रश्नांसह. तिने शून्य टाकलं आणि संशोधन संपेपर्यंत शून्यच टाकत राहिली.

माझ्या मते खरी काळजी इथे होती, आणि ती आईच्या यादीत नव्हती. मी तिला संमतिपत्र उघडायला लावलं. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं: उत्तरं त्या त्या वेळी कुणी वाचत नाही, ती नंतर विश्लेषणासाठी वापरली जातील. तिने ते कधी वाचलंच नव्हतं, कोण वाचतं? काही संशोधनांत विशिष्ट आकड्याच्या वर उत्तर गेलं की त्याच दिवशी प्रशिक्षित माणूस फोन करतो. काहींत नुसता नंबर दाखवतात. दोन्ही पद्धती नियमांत बसतात. पण फोन हातात धरून बसलेल्या मुलीला त्यातली कुठली आपल्या वाट्याला आली आहे हे माहीत असायला हवं, आणि ते बारीक अक्षरांत सांगून भागत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्या सहाबद्दल मी तिला सरळच विचारलं. मरावंसं वाटलं की हे सगळं थांबावंसं? काही ठरवलं होतं? साधन जवळ होतं? आजही वाटतं? बेत नव्हता, साधन नव्हतं. थिसिसच्या गाइडसमोर झालेली फजिती, घरच्यांनी काढलेलं कर्ज आणि चार वाजताच पडणारा अंधार एकत्र आले होते. तरी सहा म्हणजे सहा. आम्ही दोघींनी कागदावर सुरक्षेचा आराखडा लिहिला: असं वाटू लागल्याची पहिली खूण कुठली, तेव्हा एकटीने काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, आणि शेवटी ९८८. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची जानेवारीतली वेळ तिने माझ्यासमोरच घेतली.

वडील मधल्या काळात एकदाच आले होते. त्यांना त्या संशोधनाचा 'रिपोर्ट' हवा होता. पैसे आपण भरतो, मुलगी आपली. मिळणार नाही, मी सांगितलं. मुलगी सज्ञान आहे. तिथल्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या अशा संशोधनात तर २०१७ पासून कोर्टालाही नावानिशी माहिती द्यायची नाही असं संरक्षण असतं. मग त्यांनी विचारलं, तिच्या फोनमध्ये आपणच एखादं ट्रॅकर टाकलं तर? त्यावर मी जरा आवाज चढवूनच नाही म्हणाले. असं ॲप सापडलं की मूल दुसरा फोन घेतं, आणि बोलायचं बंद होतं ते वेगळंच.

हे सगळं अमेरिकेपुरतं राहिलेलं नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याची चाहूल फोनवरून लागते का, हे बॉस्टनसोबत बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि गोव्यात सुरू झालेल्या संगाथ संस्थेतर्फे भोपाळमध्येही तपासलं गेलं आहे. आपल्या ओळखीचं कुणी अशा अभ्यासात नाव देत असेल तर संमतिपत्र आपल्या भाषेत मागा. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तो हक्क आहे, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याचाही. उत्तरं कोण वाचतं आणि किती तासांत, हे तोंडी विचारा. बाहेर पडल्यावर आधीच्या नोंदी पुसतात का, तेही. हे न विचारता फुकट मिळतं म्हणून 'मूड' नोंदवणारं कुठलंही ॲप डाउनलोड करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्यामागे नैतिक समिती वगैरे काही असेलच असं नाही. आणि आत्ताच हे वाचताना स्वतःबद्दल धाकधूक वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिकडे माणूस असतो.

सई परत जाण्याआधी मायलेकी एकत्र आल्या. सहाबद्दल आईला सांगायचं हे सईने ठरवलं होतं, कसं ते ठरत नव्हतं. मी आईलाच म्हटलं, तुम्ही विचारा. शब्द आम्ही आधी एकदा घोकले होते. 'असलं काही मनात येत नाही ना?' असं नाही विचारायचं. त्या 'ना'ला मूल 'नाही'च म्हणतं.

आईने पदर सारखा केला. मग एका दमात म्हणाली, "सई, तुला कधी मरून जावंसं वाटलं का गं?"

"हो, एकदा वाटलं," सई म्हणाली. आईचं तोंड उघडलेलं बघून तिने हात वर केला. "विचारलंस ना? आता मधे बोलू नकोस. सगळं सांगते."