१८ लाख कुठे गुंतवू? आधी मसुदा परत वाचा

प्रश्न: वय ३६, कोल्हापुरात खासगी नोकरी, पगार हातात ३२ हजार. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा आहे, मध्यस्थीत तडजोड जवळपास ठरली. कळंब्याचा फ्लॅट आणि त्याचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. किंमत अंदाजे ४५ लाख, कर्ज बाकी २२ लाख, हप्ता २१ हजार. फ्लॅट नवरा ठेवणार, कर्जही तोच फेडणार. मला पोटगीसह सगळे मिळून १८ लाख: ६ आता, १२ निकालानंतर वर्षभरात. ९ वर्षांची मुलगी माझ्याकडे. विमा एजंट असलेला मामेभाऊ म्हणतो, वर्षाला ३ लाखांचे सहा हप्ते भर, पंधराव्या वर्षी ३६ लाख हमखास. भरू का?

उत्तर: नको. सहा वर्षं भरून पंधराव्या वर्षी दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी पैसे पंधरा वर्षं कोंडायचे? आणि तुमच्या हाती येणार आहेत ६ लाख, म्हणजे दोनच हप्ते. नवऱ्याचे १२ लाख लांबले तर तिसरा हप्ता चुकेल, आणि पॉलिसी मोडताना भरलेल्यातलेच पैसे जातील. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या बहिणीला असली पॉलिसी सुचवणं मला अजिबात पटत नाही.

पॉलिसीचं एवढंच. खरा धोका तडजोडीच्या मसुद्यात आहे. सही अजून झालेली नाही, म्हणून तो आजही दुरुस्त होऊ शकतो.

४५ वजा २२, म्हणजे फ्लॅटमध्ये दोघांचे २३ लाख. त्यातले साडेअकरा तुमचे स्वतःचे. १८ मधून ते काढले की पोटगी म्हणून उरतात साडेसहा लाख. मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत १०८ महिने. भागाकार केला तर महिन्याला ६ हजार, तुम्ही आणि मुलगी मिळून. शाळेची फी वर्षाला ६० हजार धरली तर ५ हजार तिथेच संपले. मुलीची पोटगी या रकमेत मिसळू देऊ नका. तिचा हक्क तुमच्या सहीनं संपत नाही, पण तो मागायला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. तिच्यासाठी दरमहा वेगळी रक्कम, दरवर्षीची वाढ आणि फी कोण भरणार, हे स्वतंत्र कलमात लिहून घ्या.

आता कर्ज. ‘पती फेडेल’ हे वाक्य तुमच्या दोघांतलं. बँक त्या तडजोडीत पक्षकार नाही, त्यामुळे तिच्यासाठी तुम्ही सहकर्जदारच राहता. त्यानं हप्ते थकवले तर नोटीस तुम्हालाही येईल, सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक) तुमचाही खराब होईल. त्यानं वेळेवर भरले तरी उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँक हा २१ हजारांचा हप्ता तुमच्या ३२ हजारांतून वजा करून बघेल. बँका साधारण निम्म्या पगारापर्यंतच हप्ता धरतात, म्हणजे १६ हजार. कर्ज मिळणारच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. नवऱ्यानं कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं. पगार कमी पडत असेल तर भावाला किंवा वडिलांना सहकर्जदार घ्यावं. तुम्हाला मुक्त केल्याचं बँकेचं लेखी पत्र आल्यावरच फ्लॅटचं हक्कसोडपत्र करा. बँक तयार नसेल तर फ्लॅट विका आणि कर्ज वजा जाता उरलेलं वाटून घ्या, मग पोटगीचं वेगळं बोला.

बारा लाखांना ‘वर्षभरात’ ही मुदत मान्य करू नका. पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दोघांना कोर्टात पुन्हा संमती द्यावी लागते (२०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ही मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते). तोपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. बारा लाखांचा डीडी या दुसऱ्या संमतीच्या दिवशीच, जबाब देण्याआधी, न्यायालयासमोर हातात यायला हवा. स्त्रीधनाचे दागिने तुमच्या पत्रात कुठेच नाहीत. त्यांची वजनासह यादी मसुद्याला जोडा.

मध्यस्थ तटस्थ असतो, तुमच्या बाजूचा हिशेब करणं त्याचं काम नाही. त्याच्याशी स्वतंत्र बैठक मागा आणि हे आकडे कागदावर घेऊन जा. तिथलं बोलणं गोपनीय असतं, पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, तेव्हा संकोच करू नका. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पैसे आले की सहा महिन्यांचा खर्च आणि घरभाड्याची अनामत बचत खात्यात, उरलेले वेगवेगळ्या मुदतींच्या एफडीत. बाकीचं वर्षभरानं ठरवू. पुढच्या बैठकीआधी बँकेतून कर्जाचं ताजं विवरणपत्र तेवढं काढून आणा.