'फॉलिस' हे नाव बदलावे का?

प्रश्न : मध्ययुगीन बायझंटाइन (पूर्व रोमन) नाण्यांच्या यादीत 'फॉलिस' हा शब्द वारंवार येतो. त्याचा मूळ अर्थ काय, आणि मराठीत त्याऐवजी 'कांस्य पैसा' असे लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर : 'फॉलिस' हाच शब्द कायम ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चामडी पिशवी असा होतो. लोहाराच्या भात्यालाही तोच शब्द आहे. चौथ्या शतकात मोहोर लावलेल्या पिशवीतील नाण्यांच्या रकमेला हे नाव मिळाले. आपण 'थैली अर्पण केली' असे म्हणतो तेव्हा जसा आतल्या रकमेचा निर्देश असतो, तसाच हा अर्थविस्तार आहे. इ.स. 498 मध्ये सम्राट पहिला अनास्तासियस याने तांब्याच्या चलनाची नवी घडी बसवली आणि नुम्मुस (अनेकवचन नुम्मी) या क्षुल्लक किमतीच्या चिमुकल्या नाण्याबरोबर 40 नुम्मींचे मोठे नाणे काढले. त्यावरील 'म्यू' हे ठळक अक्षर ग्रीक अंकलेखनातील 40 होय. या नाण्यालाच आज आपण फॉलिस म्हणतो.

'पैसा' म्हटले की रुपयाशी असलेले ठरावीक नाते मराठी वाचकाच्या मनात उभे राहते. फॉलिसचे सॉलिडस या सोन्याच्या नाण्याशी असलेले प्रमाण मात्र बदलत गेले, आणि वजनही. सम्राट जस्टिनियनच्या बाराव्या राज्यवर्षापासून, म्हणजे 538-39 पासून, त्यावर राज्यवर्ष कोरले जाऊ लागले. त्या सुमारचे नाणे वीस ग्रॅमहून जड भरते. सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते पाच ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. इराणशी झालेले प्रदीर्घ युद्ध आणि त्यापाठोपाठ अरबांकडे गेलेले सीरिया व इजिप्त यांचा ताण तळहातावर तोलून पाहता येतो, म्हणून संग्राहकाला हे साधे नाणे सोन्याच्या नाण्याइतकेच मोलाचे वाटावे.

'कांस्य' या शब्दाबाबतही सावध राहावे. संग्राहकांच्या याद्यांतील 'एई' (AE) हे चिन्ह लॅटिन 'एस' (aes) या शब्दावरून आले असून त्यात तांबे आणि त्याचे मिश्रधातू असे सारेच सामावते. मराठीत कांसे म्हणजे तांबे आणि कथिल यांचे मिश्रण. या फॉलिसांत मुख्य धातू तांबेच असल्याने, रासायनिक तपासणी झालेली नसेल तर 'तांब्याचा फॉलिस' असेच लिहावे.

सम्राट पहिला जॉन त्झिमिस्केस (969–976) याच्या काळापासून 1092 च्या चलनसुधारणेपर्यंतच्या बहुतेक फॉलिसांवर सम्राटाचे नावच नाही. ख्रिस्ताची प्रतिमा आणि, अनेक प्रकारांत, 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' या अर्थाचा लेख आहे. त्यांना 'निनावी फॉलिस' म्हणणे मला समर्पक वाटते. एकाच नाण्यावर जुन्या ठशावर नवा ठसा मारलेला आढळतो. कोणता प्रकार आधीचा, हे अभ्यासकांनी बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरवले. त्यामुळे असे नाणे घासून चकचकीत करू नये.

या शब्दाचा प्रवास आपल्यापर्यंतही पोहोचला आहे. फॉलिसच्या ग्रीक रूपावरून अरबी 'फल्स' झाला, त्याचे अनेकवचन 'फुलूस', आणि अकबराच्या तांब्याच्या नाण्यांवर हाच 'फुलूस' कोरलेला आहे. मूळ नाव पुसून 'पैसा' लिहिले तर ही साखळी तुटेल. यादीत नोंद करताना 'निनावी फॉलिस, तांबे, अकरावे शतक' एवढे लिहून पुढे वजन, व्यास आणि ठशाचे वर्णन द्यावे.