ऑपरेशन थिएटरमधल्या पहिल्या मुलाखतीआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती पडते न पडते तोच तुला ऑपरेशन थिएटरमधल्या स्टाफ नर्सच्या जागेसाठी मुलाखतीचे बोलावणे आले, हे वाचून मला फार आनंद झाला. ‘अनुभव विचारला तर काय सांगू?’ ही तुझी काळजी मात्र मनातून काढून टाक. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलीला मुलाखतीला बोलावणाऱ्या मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकांना, तिच्या गाठीशी अनुभव नाही हे ठाऊकच असते. ही मुलगी उद्या उपकरणांच्या ट्रॉलीपाशी उभी असताना तिच्या हातून काही चुकले, तर ती तिथल्या तिथे तोंड उघडून सांगेल की गप्प बसेल, हे त्यांना पाहायचे असते. बहुतेक प्रश्न, वरवर ते उपकरणांचे असोत वा निर्जंतुकीकरणाचे, शेवटी इथेच येऊन ठेपतात.

म्हणून सुरुवात तुझ्या केस बुकपासून कर. किती केसेसना तू स्वतः स्क्रब झालीस, म्हणजे निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालून सर्जनच्या हाती उपकरणे दिलीस, किती वेळा सर्क्युलेटिंग नर्स म्हणून निर्जंतुक क्षेत्राबाहेरून लागेल ते पुरवत उभी राहिलीस आणि किती वेळा कोपऱ्यातून नुसते पाहिलेस, हे तीन आकडे वेगवेगळे काढ आणि विचारले तर तसेच सांग. ‘सगळ्या प्रकारच्या केसेस केल्या आहेत’ असे म्हणणारी मुलगी पुढच्याच प्रश्नाला अडखळते, हे मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून अनेकदा पाहिले आहे. त्यापेक्षा एकच शस्त्रक्रिया निवड, समज सिझेरियन, आणि तिची ट्रॉली मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहा. ब्लेड हाताने न बसवता नीडल होल्डरने, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याने, धरून हँडलवर बसवायचे; जखम उघडी धरणारा डॉयनचा रिट्रॅक्टर कधी द्यायचा; बाळ बाहेर आल्यावर नाळेसाठी दोन क्लॅम्प हाताशी हवेत; गर्भाशयाच्या कडा धरायला ग्रीन आर्मिटेज चिमटे लागणार आणि तोवर धागा नीडल होल्डरवर चढवून तयार हवा. एक शस्त्रक्रिया अशी नीट सांगता आली, की बाकीच्या शिकता येतील याची खात्री समोरच्याला आपोआप पटते.

काही ठिकाणी उपकरणांचा ट्रे समोर ठेवून ओळखायला सांगतात. नावाबरोबर काम सांग: मेझेनबॉम कात्री नाजूक ऊतींसाठी, धागा कापायला मात्र मेयो, कारण मेझेनबॉमने धागे कापत राहिले तर तिची धार जाते. एखादे उपकरण ओळखता आले नाही, तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नकोस. ‘हे मी वापरलेले नाही, सिस्टरांना विचारून घेईन’ हे उत्तर कमीपणाचे नाही.

निर्जंतुक क्षेत्राचा प्रश्न हमखास येतो. गाऊन घातल्यावर छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतचा पुढचा भाग आणि कोपराच्या दोन इंच वरपर्यंतच्या बाह्या एवढेच निर्जंतुक मानायचे. पाठ आणि काखा कधीच नाहीत. हे सांगताना हात कमरेच्या वर, समोर धरून उभी राहा, म्हणजे तुला ते अंगवळणी पडले आहे हे दिसेल. शंका आली की ती वस्तू निर्जंतुक नाही असेच धरायचे, आणि आपला ग्लोव्ह कुठे लागला असे नुसते वाटले तरी कोणी पाहिले नसतानाही तो बदलून मागायचा. वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे १२१ आणि १३४ अंश सेल्सिअस हे आकडे तुला पाठ असतीलच; पण पॅक उघडण्याआधी त्यावरची रंग बदलणारी टेप, आतला इंडिकेटर, तारीख आणि पॅक ओला किंवा फाटका तर नाही ना, हे पाहण्याची सवय तुझ्या बोलण्यात यायला हवी.

आता मोजणीविषयी. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका हिस्टरेक्टॉमीत, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत, पोट बंद करण्याआधी एक मॉप, रक्त टिपायचा कापडी तुकडा, कमी भरला. दहा दिले होते, नऊ दिसत होते. सर्जन पुढच्या केसच्या घाईत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मोजताना माझेच चुकले असेल, असेही क्षणभर मनात आले. सर्क्युलेटिंग सिस्टरांनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, “किती?” मी “नऊ” म्हणाले. सर्जन चिडले, पण थांबले. ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावरच्या निर्जंतुक चादरींच्या, घड्या चाचपल्या, टेबलाखाली पाहिले, बादली उपसली. अखेर रक्ताने भिजलेल्या एका मॉपच्या पोटात दुसरा गच्च चिकटून बसलेला निघाला. तेव्हापासून मी प्रत्येक मॉप पूर्ण उलगडून, सुटा करूनच मोजते.

तुला हाच प्रसंग घालून विचारतील. मोजणी जुळत नाही हे सर्जनना मोठ्याने सांगायचे, दोघींनी मिळून पुन्हा मोजायचे, जखमेत, ड्रेपमध्ये, जमिनीवर आणि कचऱ्यात शोधायचे, आणि तरीही सापडले नाही तर टेबलावरच एक्स-रे, कारण मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा असतो. शेवटी जे घडले ते नोंदीत लिहायचे. ‘आणि सर्जन रागावले तर?’ हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येईल. तिथे शौर्याच्या गोष्टी सांगू नकोस. ‘सर, एक मॉप कमी आहे’ हे शांतपणे पुन्हा सांगेन आणि इनचार्ज सिस्टरांना बोलावेन, एवढे पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ साली आली, तिच्यात १९ बाबी आहेत आणि साइन इन (भूल देण्याआधी), टाइम आउट (चीर देण्याआधी), साइन आउट (रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी) असे तीन टप्पे आहेत, हे तू वाचले असशीलच. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र नुसते आकडे सांगू नकोस. टाइम आउटच्या वेळी सगळ्यांनी हातातले काम थांबवून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि शरीरावरची तिची जागा मोठ्याने उच्चारायची असते, आणि फॉर्मवर आधीच टिक करून ठेवणे म्हणजे ते न करणेच होय, हे तुझे मत म्हणून सांग.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र आणि हिपॅटायटिस बी लसीची नोंद विसरू नकोस. नखे कापलेली असू देत, हातात बांगड्या नकोत. मूळ प्रमाणपत्रे दाखव, पण ताब्यात देऊ नकोस. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर वाचल्याशिवाय सही करू नकोस.

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील तेव्हा नाही म्हणू नकोस. किती आठवडे अनुभवी सिस्टरांबरोबर काम करता येईल आणि रात्रीच्या इमर्जन्सीला नवीन मुलीला एकटीला उभे करतात का, हे नम्रपणे विचार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आले, तर पगार कितीही चांगला असला तरी होकार देण्याआधी मला फोन कर.

तुझी,
सिस्टर