गोव्यात आरोग्य शिक्षक व्हायचंय? वाचकांचे प्रश्न

बी.एस्सी. झालेय. आरोग्य शिक्षकाची पदवी कुठे मिळते? (डिचोली)
त्या नावाची पदवी शोधत फिरू नका. शाळेत आरोग्य शिकवतात ते शारीरिक शिक्षणाचे नाहीतर विज्ञानाचे शिक्षक. पहिल्यासाठी बी.पी.एड., दुसऱ्यासाठी बी.एड. दोन्ही पदवीनंतर 2 वर्षांचे.

कॉलेजात कधी खेळलो नाही. बी.पी.एड. मिळेल? (फोंडा)
कठीण आहे. गुणांबरोबर खेळातला सहभागही पाहतात. अर्ज करण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा.

एक एजंट परराज्यातलं बी.पी.एड. घरबसल्या एका वर्षात करून देतो म्हणतो. मैत्रिणीच्या भावाला त्यावर नोकरी लागली म्हणे. पैसे भरू का? (वाळपई)
एक पैसाही भरू नका. महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात आणि प्रत्येकात कुणाच्या तरी भावाला नोकरी लागलेली असते. नेमणुकीचं पत्र मात्र कुणी पाहिलेलं नसतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांत बी.पी.एड. 2 वर्षांचं आहे, वर्षाला किमान 200 दिवस कॉलेज चालावं लागतं, आणि पत्राद्वारे ते करायची सोयच नाही. नसणारच! मैदानावर पोर चक्कर येऊन पडलं तर काय करायचं, मुरगळलेला पाय कसा बांधायचा, हे घरी नोट्स वाचून हाताला येत नाही. उद्या तुमच्या भरवशावर साठ मुलं उन्हात धावणार आहेत. कॉलेजचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहा, मग पर्वरीला शिक्षण खात्यात विचारून घ्या. एजंटने दाखवलेली झेरॉक्स पुरावा धरू नका.

मी शाळेची 'आरोग्य दूत' आहे. ते प्रशिक्षण पात्रतेत धरतात? (काणकोण)
नाही. 2020 साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या 2 शिक्षकांना हे काम दिलं जातं. काम मोलाचं आहे, मनापासून करा. पण ती पदवी नव्हे.

सरकारी नोकरीला लागणारा 15 वर्षांच्या निवासाचा दाखला जाहिरात आल्यावर काढला तर चालेल? (पेडणे)
आजच मामलेदार कचेरीत जा. शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्यांचे अर्ज दाखल्यावाचून राहिलेले मी पाहिलेत. सरकारी नोकरीला कोकणीही लागते, तिची तयारी आत्तापासून ठेवा.

शाळेत देतात त्या लोहाच्या निळ्या गोळ्यांनी मुलं आजारी पडतात, असं पालक म्हणतात. काय सांगू? (सांगे)
उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, तेवढ्यावरून ही आवई उठते. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर द्या. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. ज्या मुलाला ताप आहे किंवा दुसरं औषध चालू आहे, त्याला मात्र आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका.