मॅग्नेट्रॉन गेला असे ठरवण्याआधी

ओव्हनमध्ये कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेवर, केक नीट होतो, ताटली फिरते, दिवा लागतो, पण मायक्रोवेव्हवर ठेवलेले पाणी गारच राहते. आणि मेकॅनिकने झाकण न उघडताच मॅग्नेट्रॉन गेल्याचे सांगितले आहे, तर तो दुरुस्त होतो का, असे आपण विचारले आहे. मॅग्नेट्रॉन ही मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी निर्वात, सीलबंद नळी असल्यामुळे तिच्या आत काहीही दुरुस्त होत नाही. मात्र आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तोच गेला असे म्हणता येत नाही. कन्व्हेक्शनचा हीटर स्वतंत्र असतो, त्यामुळे केक होण्याने इतकेच कळते की मुख्य फ्यूज शाबूत आहे आणि बिघाड मायक्रोवेव्हच्या बाजूला आहे. त्या बाजूला मॅग्नेट्रॉनखेरीज आणखी चार-पाच भाग आहेत आणि त्यांपैकी बरेचसे त्याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

मॅग्नेट्रॉनच्या मध्यभागी थोरियममिश्रित टंगस्टनचे फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, असते. त्याला जेमतेम 3 व्होल्टच्या आसपास दाब, पण 10 अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो आणि तापल्यावर त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती तांब्याचा ॲनोड (इलेक्ट्रॉनना ओढणारा धन टोकाचा भाग) असतो, ज्याच्या आतल्या बाजूने पाती निघालेली असतात आणि दोन पात्यांमधली प्रत्येक जागा ही एक पोकळी असते. ॲनोड ओव्हनच्या सांगाड्याला जोडलेला असून फिलामेंटवर त्याच्या तुलनेत उणे 4000 व्होल्टच्या आसपास दाब असतो. इलेक्ट्रॉन ॲनोडकडे सरळ झेपावले असते, पण वर-खाली बसवलेल्या दोन फेराइट चुंबकांमुळे त्यांची वाट वळते आणि चाकाच्या आऱ्यांसारखे त्यांचे पट्टे फिलामेंटभोवती फिरू लागतात. हे पट्टे पात्यांच्या टोकांजवळून जाताना आपली ऊर्जा पोकळ्यांना देतात. पोकळ्यांच्या मापावरून वारंवारता ठरते, आपल्या ओव्हनमध्ये सुमारे 2450 मेगाहर्ट्झ, आणि अँटेनामार्गे ती ऊर्जा वेव्हगाइडमधून, म्हणजे धातूच्या पोकळ मार्गातून, आत पोहोचते. दिलेल्या विजेपैकी साधारण दोन तृतीयांशच लहरींत रूपांतरित होते आणि उरलेली उष्णता बनून नळीवरच राहते. म्हणून तिला उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या आणि हवेचा झोत लागतो. फोडणीच्या वाफेने तेलकट झालेली धूळ या पट्ट्यांत साचली, तर नळीचे आयुष्य त्यानेच कमी होते.

इतका उच्च दाब मिळवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर सुमारे 2000 व्होल्ट देतो आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) व डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मिळून तो दुप्पट करतात. इथे मला फार आग्रहाने सांगायचे आहे. या भागाचा झटका जीव घेतो. घरातला आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) त्यापासून वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरने हे मंडळ घरच्या लाइनपासून वेगळे केलेले असते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. त्याच्या आत भार उतरवणारा रोधक असला, तरी तो निकामी झाला असेल तर बाहेरून कळत नाही. भार कसा उतरवायचा हे प्रत्यक्ष शिकलेले नसेल, तर झाकण उघडूच नये. आणि चालू ओव्हनचा उच्च दाब साध्या मल्टिमीटरने कोणीही, कधीही मोजू नये.

झाकण न उघडता एक गोष्ट करता येते, ती म्हणजे ऐकणे. कपभर पाणी ठेवून पूर्ण पॉवरवर ओव्हन सुरू करा. रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टक् आवाज आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरची घुमी यायला हवी. घुमी आलीच नाही, तर वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे संशय रिले, दाराचे स्विच किंवा थर्मल कटआउटवर (जास्त तापल्यास वीज तोडणाऱ्या भागावर) जातो. घुमी नेहमीपेक्षा जड असेल आणि घरातले दिवे क्षणभर मंदावत असतील, तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झाला असावा. घुमी नेहमीसारखी असून पाणी गार राहिले, तर उच्च दाबाचा फ्यूज आधी बघायला सांगा. अनेक मॉडेलमध्ये तो ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या नळीत असतो आणि तिथे साधी तार जोडणारा मेकॅनिक आपल्या घराला धोका करून जातो. (इन्व्हर्टर ओव्हनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मंडळाने उच्च दाब तयार करणाऱ्या ओव्हनमध्ये, जड ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे ही आवाजाची परीक्षा तिथे लागू नाही.)

डायोडबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. त्यात अर्धवाहकाचे अनेक जोड एकापाठोपाठ असल्यामुळे साधा मल्टिमीटर चांगला डायोडही दोन्ही दिशांनी बंद दाखवतो. 9 व्होल्टची बॅटरी मालिकेत जोडल्याशिवाय त्याची खरी तपासणी होत नाही.

मॅग्नेट्रॉनची पाळी यानंतर येते. त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये रोध एक ओहमपेक्षा कमी हवा आणि कोणत्याही टर्मिनलपासून धातूच्या कवचापर्यंत काहीच जोड दिसता कामा नये. फिलामेंटच्या वायरींचे लग (टोकाच्या धातूच्या पकडी) कधीकधी सैल होऊन काळे पडलेले असतात, आणि तेवढे नवे घट्ट बसवल्याने ओव्हन पूर्ववत झाल्याचे मी पाहिले आहे. अँटेनावरची धातूची टोपी वितळली असेल, तर कारण बहुधा आतल्या अभ्रकाच्या पत्र्यावर जळलेले अन्न असते. तो पत्रा न बदलता नवी नळी घालणे म्हणजे तीही जाळणे. फुटलेला चुंबक दिसला, तर नळीच बदलावी.

नवा मॅग्नेट्रॉन घेताना वॅटच नव्हे, तर अँटेनाची लांबी, स्क्रूंची जागा, टर्मिनलांची दिशा आणि हवेचा मार्गही जुळवावा. अँटेनाभोवतीची विणलेल्या तारेची गॅस्केट (फट बंद करणारी कडी) बसवल्याशिवाय ओव्हन चालू करू नये, कारण लहरी तिथूनच गळतात. जुनी नळी चुंबकासाठी फोडू नये: काही जुन्या नळ्यांच्या इन्सुलेटरमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

दुरुस्तीनंतर एक लिटर गार पाणी पूर्ण पॉवरवर एक मिनिट तापवा, ढवळून तापमान मोजा आणि वाढलेल्या अंशांना 70 ने गुणा. 10 अंशांची वाढ म्हणजे सुमारे 700 वॅट. बाकी सगळे भाग तपासून झाल्यावरही आकडा ओव्हनवर लिहिलेल्या वॅटच्या निम्म्यावरच राहत असेल, तर फिलामेंटची इलेक्ट्रॉन सोडण्याची क्षमता उतरली आहे असे समजावे, आणि मगच नव्या मॅग्नेट्रॉनचे पैसे द्यावेत.